शिल्पं वाचली, जागा सुटली : ला व्हेंटाच्या ओल्मेक दगडांचं प्रकरण

एका कोनाड्यातून एक माणूस पुढे झुकून बसलेला आहे. मांडी घातलेली, मुठीत जाडजूड दोर. हा दोर दगडाच्या तळाशी कडेकडेने जातो, कोपऱ्यावरून वळतो आणि दगडाच्या बाजूच्या अंगावर कोरलेल्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचतो. कोनाड्याच्या वर, पुढे आलेल्या जाड पट्टीवर, जग्वारचा चेहरा आहे. त्याच्या जबड्यातून बाहेर यावा तसा हा माणूस त्या पोकळीतून बाहेर येतो. सगळं एकाच अखंड काळ्या पाषाणात. मेक्सिकोतल्या ला व्हेंटा इथे प्राचीन ओल्मेक लोकांनी घडवलेल्या या शिल्पाला अभ्यासक ‘अल्टार ४’, म्हणजे वेदी क्रमांक ४ म्हणतात. पण ती वेदी नसून राजाचं आसन असावं, हे डेव्हिड ग्रोव्ह या पुरातत्त्वज्ञाने १९७३ मध्ये मांडलं आणि आता बहुतेकांना ते मान्य आहे. पुराव्यासाठी ते मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातल्या ओश्तोतित्लान गुहेकडे वळले. तिथल्या भित्तिचित्रात अशाच आसनावर बसलेला सत्ताधीश दिसतो.

दोराबद्दल अजून एकमत नाही. बांधलेला माणूस कैदी आहे असं काही जण म्हणतात. काहींच्या मते तो नातलग आहे आणि दोर हे वंशाचं नातं आहे. हा वाद सोडवायला एक गोष्ट उपयोगी पडली असती, ती म्हणजे या आसनासमोर काय होतं हे डोळ्यांनी पाहणं. त्याच्या समोर, मातीच्या एका उंचवट्यापलीकडे, दुसरं आसन होतं. ते ‘अल्टार ५’. त्यातल्या कोनाड्यातल्या माणसाच्या हातात दोर नाही, मांडीवर निपचित पडलेलं एक बाळ आहे. दगडाच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत आणि त्यांच्या हातांत मात्र चुळबुळ करणारी, हातपाय झाडणारी बाळं. एकीकडे दोर आणि दुसरीकडे बाळ, अशी ही दोन आसनं समोरासमोर बसलेली होती.

आज ती दोन्ही मेक्सिकोच्या ताबास्को राज्याच्या राजधानीत, व्हियाएरमोसा शहरातल्या ला व्हेंटा उद्यान-संग्रहालयात आहेत. झाडीतली वळणावळणाची पायवाट धरली की एक भेटतं, आणखी पुढे गेलं की दुसरं. ती कधीकाळी एकमेकांकडे पाहत होती, हे पायवाटेवरून चालताना लक्षात येत नाही. मला हे सगळं प्रकरण इथूनच सुरू होतं असं वाटतं.

मूळ जागा

ला व्हेंटा हे ठिकाण ताबास्कोच्या पश्चिम टोकाला, उइमांगियो तालुक्यात, तोनाला नदीजवळ आहे. आजूबाजूला दलदल, मध्ये थोडी उंच जमीन. इसवी सनापूर्वी सुमारे ९०० ते ४०० या काळात इथे ओल्मेक लोकांचं मोठं नगर होतं. (‘ओल्मेक’ म्हणजे रबराच्या मुलखातले लोक. हे नाव त्यांच्यानंतर फार उशिरा आलेल्या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेतलं आहे.) नगराच्या मध्यभागी मातीचा पिरॅमिड, तीसेक मीटर उंच, त्यात सुमारे एक लाख घनमीटर भर. माती टोपल्यांनी वाहूनच आणलेली. संपूर्ण नगराची आखणी एका सरळ रेषेवर होती आणि ती रेषा उत्तरेपासून आठ अंश पश्चिमेकडे झुकलेली होती. चौक, उंचवटे, आसनं, शिलापट्ट (उभे कोरीव दगड) आणि शीर्षं (दगडात कोरलेली प्रचंड डोकी) या रेषेच्या हिशोबाने मांडलेली होती.

या सगळ्या परिसरात दगड नाही. चौफेर चिखल, वाळू आणि पाणी. ओल्मेकांनी बेसाल्ट आणला तो सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तुश्तला डोंगरांतून. ज्वालामुखीचा हा काळा दगड आपल्याला परका नाही. अजिंठा आणि वेरूळ ज्यात कोरले, सह्याद्रीचे कडे ज्याचे आहेत, तोच हा काळा फत्तर. चोवीस टनांचं धोंड दलदलीतून ओढत किंवा तराफ्यावर घालून आणणं म्हणजे काय, हे ज्याने घरच्या जोत्यासाठी दगड वाहताना पाहिले आहेत त्याला वेगळं सांगायला नको. चाकं नाहीत, ओझी ओढणारी जनावरं नाहीत, लोखंड नाही.

ला व्हेंटात चार प्रचंड शीर्षं सापडली. तीन नगराच्या उत्तरेला एका ओळीत, तिघांची तोंडं उत्तरेकडे. चौथं, म्हणजे शीर्ष क्रमांक १, पिरॅमिडच्या दक्षिणेला. त्याची उंची २.४ मीटर आणि वजन सुमारे चोवीस टन. नगराकडे पाठ करून बाहेर बघणारे हे चेहरे पहारा देत होते, की येणाऱ्याला ‘या नगराचा धनी कोण’ ते सांगत होते, यावर मतं मांडता येतात. पण ती मांडता येतात ती फक्त एका कारणाने : ते कुठे उभे होते आणि कुठे पाहत होते, हे कुणीतरी वेळीच लिहून ठेवलं.

लिहून ठेवणारे उशिराच आले. १९२५ मध्ये फ्रान्स ब्लोम आणि ऑलिव्हर ला फार्ज हे दोघे ट्युलेन विद्यापीठाच्या मोहिमेत इथे पोचले आणि त्यांना वाटलं हे माया या दुसऱ्या प्राचीन संस्कृतीच्या लोकांचंच काम. १९४० पासून मॅथ्यू स्टर्लिंग आणि फिलिप ड्रकर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर खोदकाम केलं. १९४२ मध्ये तुश्तला गुतिएरेस या शहरातल्या परिषदेत मेक्सिकन अभ्यासक आल्फोन्सो कासो यांनी ओल्मेक ही मेसोअमेरिकेची, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशाची, ‘मातृसंस्कृती’ आहे असं ठणकावून सांगितलं. माया अभ्यासकांतल्या काही बड्यांना ते पटलं नाही. १९५५ मध्ये ड्रकर, हायझर आणि स्क्वायर यांनी पुन्हा खोदलं आणि तिथल्या कोळशाची रेडिओकार्बन चाचणी झाली. १९५७ मध्ये निकाल छापून आला : इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. मायांच्या वैभवाच्या काळापेक्षा हे शेकडो वर्षं आधीचं.

धोका

ज्या वर्षी या दगडांचं वय सिद्ध झालं, त्याच सुमारास ते जागेवरून उचलले गेले. कारण तेल.

या दलदलीखाली खनिज तेल आणि वायू होता. १९३८ मध्ये मेक्सिकोने तेल राष्ट्रीय मालकीचं केलं, त्यासाठी पेमेक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांतच ला व्हेंटाची उंच जमीन तेलवाल्यांच्या कामाची ठरली. पाण्याने वेढलेल्या मुलखात बांधकामाला कोरडी जागा मिळणं कठीण, आणि तीन हजार वर्षांपूर्वी ओल्मेकांनी हीच जागा निवडली त्यामागेही हेच कारण होतं. विहिरी, कारखाना, कामगारांची वस्ती आणि विमानाची धावपट्टी आली. धावपट्टी थेट प्राचीन नगरावरून गेली. उत्तरेकडचा, सगळ्यात नाजूक भाग बुलडोझरखाली आला. राखण करायला माणूस नाही, म्हणून चोरही आले.

या घडीला तीन वाटा होत्या. दगड तिथेच ठेवून कुंपण घालणं आणि पहारा बसवणं. पण तेलाच्या जोरापुढे त्या काळात ते कागदावरच राहिलं असतं. दुसरी, सगळं मेक्सिको सिटीला नेणं. काही वस्तू गेल्याही होत्या आणि आजही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिसरी वाट शोधली एका कवीने.

पेयिसेर

कार्लोस पेयिसेर यांचा जन्म १८९७ मध्ये व्हियाएरमोसातच झाला. ते मेक्सिकोच्या मोठ्या कवींपैकी एक, आणि त्याच्या जोडीला संग्रहालयं रचण्याची त्यांना असाधारण दृष्टी होती. चित्रकार फ्रिदा काहलो यांच्या निळ्या घराचं आणि त्यांचे चित्रकार पती दिएगो रिव्हेरा यांच्या आनाहुआकाली या वास्तूचं संग्रहालय त्यांनीच मांडलं. ला व्हेंटाचे दगड ताबास्को सोडून जाऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता. ते दिवस पाहता हा आग्रह फार मोलाचा होता. प्रांतातलं चांगलं ते राजधानीत जायचं, ही रीत पडून गेलेली होती.

त्यांनी पेमेक्सलाच कामाला लावलं. ज्या कंपनीच्या यंत्रांनी जागा मोडली, तिच्याच गाड्यांवरून आणि क्रेनने सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर कापून हे दगड शहरात आले. बेसाल्टचे खांब उभे करून रचलेलं थडगं सुटं करून आणलं आणि पुन्हा रचलं. हिरव्या सर्पेंटाइन दगडाच्या जवळजवळ पाचशे ठोकळ्यांची एक फरसबंदी आणून बसवली. ‘लागुना दे लास इलुसिओनेस’ नावाच्या तळ्याकाठी काही हेक्टरांचं जंगल त्यांनी निवडलं. तिथे पांढऱ्या सावरीच्या जातीचे प्रचंड सेइबा वृक्ष आहेत. माकडं, मगरी आणि जग्वार यांच्यासाठी जागा केली. कोआटी नावाचे लांब नाकाचे प्राणी आजही पायवाटांवर मोकळे हिंडतात. ४ मार्च १९५८ रोजी हे उद्यान-संग्रहालय उघडलं. तीसहून अधिक शिल्पं, एकही काचेआड नाही.

या कामाचं महत्त्व कमी लेखायचं माझ्या मनात नाही. हे झालं नसतं तर त्यातले किती दगड भंगारात किंवा परदेशी दलालांच्या गोदामात गेले असते, हे सांगवत नाही. ताबास्कोच्या शाळकरी मुलाला ओल्मेक शीर्षासमोर उभं राहायला राजधानीपर्यंत जावं लागलं नाही, हे एकट्या या माणसाचं देणं आहे.

आणि तरीही.

जंगल की नगर

पेयिसेर यांची मूळ कल्पना होती की दगड ज्या निसर्गात जन्मले तोच निसर्ग त्यांच्याभोवती उभा करावा. म्हणून प्रेक्षक गर्द झाडीतून चालतो, वळणावर एकदम एक प्रचंड चेहरा समोर येतो, पानांमधून उन्हाचे कवडसे त्याच्या ओठांवर पडतात. थरार होतो, त्यात शंका नाही. पण हा थरार कुणाचा? हा ब्लोम आणि ला फार्ज यांचा, स्टर्लिंगचा, म्हणजे झाडीत दगड ‘शोधणाऱ्या’ माणसाचा अनुभव आहे. ओल्मेक माणसाने हे चेहरे असे कधीच पाहिले नाहीत.

त्याने ते मोकळ्यावर, चौकात पाहिले. ला व्हेंटाच्या उत्तरेकडच्या आवारात जमिनीला रंगीत माती दिलेली होती. लाल, पिवळ्या, हिरवट छटांचे थर काळजीपूर्वक निवडून एकावर एक घातले होते. अंगण सारवावं तशी ही जमीन राखली जात होती, आणि तिथे झुडूप उगवू दिलं जात नव्हतं. शीर्ष लांबून दिसायचं. त्याच्याकडे चालत जावं लागायचं. आसनासमोर उभं राहिलं की पाठीमागे दुसरं आसन असायचं. अंतर आणि दिशा हाच या कलेचा निम्मा भाग होता. पेयिसेर यांच्या उद्यानात दगड आले आणि अंतर मागे राहिलं.

यातून एक समज पसरला आणि तो आजही जात नाही : ओल्मेक म्हणजे जंगलातले गूढ लोक. गूढ काही नव्हतं. शंभर किलोमीटरवरून दगड आणायला माणसं, अन्न आणि हुकूम लागतो. लाख घनमीटर मातीला नियोजन लागतं. जंगल मागे सारून त्यांनी नगर वसवलं, आणि आपण त्यांची शिल्पं परत जंगलात नेऊन ठेवली.

आपल्याकडे शेताच्या बांधावरचे वीरगळ उचलून देवळाच्या भिंतीशी ओळीने उभे केलेले असतात. दगड सुरक्षित राहतो, पण तो वीर कुठे पडला ते आता कुणाला सांगता येत नाही. ला व्हेंटात नेमकं हेच झालं, फक्त दगड चोवीस टनांचा होता.

एक न्यायाची गोष्टही नोंदवायला हवी. ओल्मेक स्वतःच दगड हलवत असत, जुनं शिल्प फोडून नवं करत, कधी पुरत. त्यामुळे ‘मूळ जागा’ म्हणजे त्या दगडाची शेवटची जागा, एवढाच दावा करता येतो. पण शेवटची जागासुद्धा काही सांगत होती.

सर्पेंटाइनच्या फरसबंदीचं तर आणखी विचित्र आहे. ती मुळात बघण्यासाठी नव्हतीच. ला व्हेंटात अशा तीन सापडल्या. साडेचार बाय सहा मीटरचा आयत, त्यात ठोकळे जोडून जग्वारच्या मुखवट्यासारखी किंवा विश्वाच्या नकाशासारखी आकृती. पूर्ण झाल्यावर ती ताबडतोब रंगीत मातीखाली पुरून टाकली. काम झालं, देवाला वाहिलं, झाकलं. आज ती उघड्यावर, पायवाटेशेजारी आहे आणि रोज शेकडो जण तिच्याकडे वाकून पाहतात. चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याला ती पाहायलाच हवी. पण ही वस्तू झाकण्यासाठी केलेली होती, हे तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळायला हवं. नाहीतर तो तिला एखादं जमिनीवरचं चित्र समजून पुढे जातो.

पाऊस, दगडफूल आणि माणूस

ताबास्को हा मेक्सिकोतला सर्वांत ओलसर मुलूख. कोकणात पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीचं जे होतं ते इथल्या दगडाचं बारमाही होतं. शेवाळ चढतं, दगडफूल धरतं, बारीक मुळं भेगांत शिरतात. दगडफूल दगडाच्या पृष्ठभागात रुततं आणि ते ओढून काढलं तर कोरीव रेषेचा पापुद्रा सोबत निघतो. बेसाल्ट टणक असला तरी सच्छिद्र असतो, आणि शिलापट्टावरचं उथळ कोरीवकाम सगळ्यात आधी पुसट होतं. शिलापट्ट क्रमांक ३ वर एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाला लांब दाढी आहे. त्यावरून अभ्यासकांनी त्याला गमतीने ‘अंकल सॅम’ नाव दिलं. या पट्टावरची बारीक नक्षी वाचायला आता कडेने उजेड टाकावा लागतो. झाडीतून ठिबकणारं पाणी आणि पक्ष्यांची विष्ठा हा त्यावरचा रोजचा मारा. ज्या निसर्गाची मांडणी म्हणून हे उद्यान उभं राहिलं, तोच आता दगड खातो आहे.

जानेवारी २००९ मध्ये वेगळाच मार झाला. एका धार्मिक गटातले तिघे जण उद्यानात शिरले आणि ‘शुद्धी’ म्हणून वीसहून अधिक शिल्पांवर मीठपाणी, द्राक्षाचा रस आणि तेल ओतलं. त्यांत प्रचंड शीर्षंही होती. तेल सच्छिद्र दगडात खोल मुरतं, मिठाचे कण वाळताना छिद्रांत फुगतात. संवर्धकांना दगडामागून दगड धुवत बसावं लागलं. काचेआड नसलेल्या संग्रहालयाची किंमत त्या दिवशी सगळ्यांना दिसली. त्याआधी दीड वर्षही झालं नव्हतं, २००७ च्या पुरात ताबास्कोचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. ग्रिजाल्व्हा नदीकाठच्या, पेयिसेर यांचंच नाव असलेल्या प्रादेशिक संग्रहालयालाही तेव्हा पुराने गाठलं.

शेजारच्या व्हेराक्रूझ राज्याने याच प्रश्नाचं दुसरं उत्तर दिलं. हलापाचं मानववंशशास्त्र संग्रहालय विद्यापीठाचं आहे. १९८६ मध्ये त्याची नवी इमारत उघडली. लांबलचक दालनं, उतारावर पायरीपायरीने खाली जाणारी, मधूनमधून बाग दिसणारी खुली अंगणं. सात प्रचंड शीर्षं तिथे छपराखाली, सपाट फरशीवर, भरपूर मोकळ्या जागेत आहेत. बाहेरच्या झाडांचा उजेड आत येतो, पाऊस येत नाही. चेहऱ्याभोवती हिंडता येतं आणि मागचा सपाट भागही दिसतो. मला ही मांडणी ओल्मेक चौकाच्या जास्त जवळ वाटते. पण तिथेही शीर्षं कुठल्या दिशेला पाहत होती, ते सूचनाफलक वाचूनच कळतं.

जागेवर परत

१९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रेबेका गोन्सालेस लाउक यांनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र आणि इतिहास संस्थेतर्फे ला व्हेंटाचं काम हाती घेतलं. हद्द आखली, अतिक्रमण रोखलं, उरलेल्या नगराचं नव्याने सर्वेक्षण केलं. पिरॅमिड शंकूसारखा आहे अशी आधी समजूत होती, तो पायऱ्यापायऱ्यांचा, कोपरे आत घेतलेला होता हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. पिरॅमिडच्या दक्षिण पायथ्याशी शिलापट्ट नव्याने सापडले. ते व्हियाएरमोसाला गेले नाहीत, जागेवरच्या छोट्या संग्रहालयात राहिले. आणि जे दगड १९५० च्या दशकात गेले होते, त्यांच्या प्रतिकृती त्यांच्या जागी उभ्या केल्या.

त्यामुळे आज अशी स्थिती आहे : खरे दगड चुकीच्या जागी आहेत आणि बरोबर जागी नकला आहेत. ला व्हेंटात उन्हात, गवतावर, पिरॅमिडकडे पाठ करून नक्कल उभी असते. तिच्याकडे चालत जाताना नगराचं माप पायांना कळतं. व्हियाएरमोसात खऱ्या ओठांवर छिन्नीचे घाव डोळ्यांना दिसतात. दोन्हीकडे गेलेल्या माणसालाच एक अख्खा ओल्मेक दगड भेटतो, आणि दोन्हीकडे जाणारे थोडे.

याच ला व्हेंटातल्या एका लहानशा वस्तूचं नशीब मात्र चांगलं निघालं. १९५५ मध्ये उत्खननकारांना जमिनीत सोळा छोट्या मूर्ती आणि सहा पातळ पाती सापडल्या, जेड आणि सर्पेंटाइनच्या. एक मूर्ती मात्र भुरभुरीत, खरबरीत दगडाची. ती पात्यांना पाठ लावून उभी आणि बाकीचे तिच्याभोवती जमलेले. सभा भरावी तसे. ओल्मेकांनी ही सभा पुरली, वर फरशी घातली आणि कित्येक वर्षांनी नेमक्या त्याच जागी खड्डा घेऊन मूर्तींची फक्त डोकी उघडी केली, पाहिलं आणि पुन्हा बुजवलं. म्हणजे कुठे काय आहे हे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं होतं. उत्खननकारांनी प्रत्येक मूर्तीची जागा आणि तोंडाची दिशा मोजून घेतली. म्हणून मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ही सभा आजही तशीच भरलेली दिसते. मूर्ती वीतभर उंचीच्या आहेत, पण त्यांच्यासमोर लोक हलत नाहीत, कारण कोण कुणाकडे बघतंय ते कळतं.

चोवीस टनांच्या दगडाला हे भाग्य देणं आजही शक्य आहे. स्टर्लिंग, ड्रकर यांचे नकाशे आहेत, गोन्सालेस लाउक यांचं सर्वेक्षण आहे. झिजणारे शिलापट्ट छपराखाली घ्यावेत, हे तर करायलाच हवं. पण मला त्याहून आधी हवं आहे ते एवढंच : उद्यानातल्या झाडीचा एक तुकडा मोकळा करावा, मध्ये मातीचा उंचवटा घालावा, आणि दोरवाला राजा नि बाळ घेतलेला राजा यांना त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून, पुन्हा बसवावं.